दहा दिवसांचा कार्यकर्ता, बारा महिन्यांचे शहर



शहरांना तरुण नेतृत्व मिळेल कसे आणि मिळालेले टिकेल कसे, या विषयावर मला आज थोडे बोलायचे आहे. राज्यशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली, तीही सोलापूरसारख्या शहरात. या तीस वर्षांत एक तक्रार मी न चुकता ऐकत आलो. सत्कार समारंभ असो, ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक असो की वाचनालयाची वार्षिक सभा असो, कोणीतरी उठून म्हणतेच की, आजची तरुण पिढी सार्वजनिक कामात येत नाही, तिला मोबाइल आणि करिअर यापलीकडे काही दिसत नाही.

मला ही तक्रार पटत नाही. पुरावा हवा असेल तर गणेशोत्सवाच्या आधी महिनाभर कोणत्याही गल्लीत एक चक्कर मारून पाहा. मंडळाचा खजिनदार एकोणीस-वीस वर्षांचा असतो. तो पावतीपुस्तके छापून घेतो, घरोघरी जाऊन वर्गणी मागतो, कोणाकडे किती मागायचे आणि कोणापुढे हट्ट धरायचा नाही हे त्याला बरोबर कळते. त्याचा मित्र पोलीस ठाण्यात परवानगीसाठी खेटे घालतो, तिसरा वीजजोडणीच्या मागे असतो, चौथा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज भरत असतो. मांडववाल्याशी घासाघीस होते, मिरवणुकीचा मार्ग ठरतो, शेजारच्या मंडळाशी झालेला तंटा मिटवला जातो. शेवटी हिशेब फलकावर लागतो आणि त्यात शंभर रुपयांचा फरक निघाला तरी सगळी गल्ली जाब विचारते.

आता मला सांगा, नगरसेवकाला याहून वेगळे काय करावे लागते? लोकांकडून पैसा गोळा करणे, तो ठरलेल्या कामावर खर्च करणे, सरकारी खात्यांकडून काम करून घेणे, भांडणे मिटवणे आणि हिशेब देणे. आपल्या शहरांतली हजारो मुले हे काम दरवर्षी दहा दिवस उत्तम करतात. अकराव्या दिवशी मांडव उतरतो आणि त्यांचे कामही संपते. पुढचे साडेअकरा महिने या मुलांना शहरात काही जागाच नसते. त्यांतल्या काही जणांना एखाद्या पक्षाचा पुढारी हाताशी धरतो. मग ते वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणून झळकतात. बाकीचे आपापल्या वाटेने जातात, बरेचसे तर गाव सोडूनच जातात.

तेव्हा मुद्दा असा की, तरुण नेते तयार होत नाहीत असे नाही. ते तयार होतात, पण त्यांच्या हाती सोपवायला आपल्याकडे काही काम नसते, अधिकार तर त्याहून नसतो.

नगरपालिका नावाची शाळा

आपल्याकडे स्थानिक स्वराज्याची कल्पना मुळात कशासाठी आली हे पाहण्यासारखे आहे. लॉर्ड रिपन यांनी १८८२ साली स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव काढला. कारभार ताबडतोब सुधारेल अशी ग्वाही त्यांनी त्यात दिली नव्हती. लोकांचे राजकीय शिक्षण व्हावे हा आपला मुख्य हेतू आहे, असे त्यांनी स्पष्ट म्हटले होते. म्हणजे नगरपालिका ही रस्ते आणि गटारे करणारी संस्था होतीच, पण त्याआधी ती एक शाळा होती.

आणि या शाळेतून विद्यार्थीही कसे निघाले पाहा. फिरोजशहा मेहतांनी मुंबईच्या नगरपालिकेच्या सुधारणेचा प्रश्न हाती घेतला तेव्हा ते पंचविशीत होते. गोपाळ कृष्ण गोखले पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते. वल्लभभाई पटेल १९१७ साली अहमदाबादच्या नगरपालिकेत निवडून गेले आणि पुढे तिचे अध्यक्ष झाले. जवाहरलाल नेहरू १९२३ मध्ये अलाहाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले तेव्हा ३३ वर्षांचे होते. १९२४ साली कलकत्ता महापालिकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी झालेले सुभाषचंद्र बोस तर अवघे २७ वर्षांचे होते. स्वराज्याचा कारभार हाती येण्याआधी या माणसांनी पाणीपट्टी, झाडलोट आणि शाळांच्या इमारती यांचा कारभार पाहिला होता.

स्वातंत्र्यानंतरही ही परंपरा तुटली नाही. मृणालताई गोरे वैद्यकीय शिक्षण सोडून समाजकार्यात आल्या. गोरेगावच्या ग्रामपंचायतीत त्यांनी उमेदवारी केली आणि १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या. 'पाणीवाली बाई' हे नाव त्यांना नळाच्या रांगेतल्या बायकांनी दिले, कोणा प्रसिद्धी यंत्रणेने नव्हे. १९७६ मध्ये मुंबईचे महापौर झालेले मनोहर जोशी आणि १९९७ मध्ये वयाच्या २७व्या वर्षी नागपूरचे महापौर झालेले देवेंद्र फडणवीस हे दोघेही पुढे राज्याचे मुख्यमंत्री झाले. पक्ष कोणताही असो, महापालिका ही पहिली पायरी होती.

गोखल्यांची आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तरुण माणसे सार्वजनिक कामात येतात, पण संसाराची ओढाताण सुरू झाली की गळतात, हे त्यांनी पाहिले होते. १९०५ मध्ये त्यांनी पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी काढली, तिची रचनाच यावर उपाय म्हणून केली. सभासदाला निर्वाहापुरते वेतन आणि पहिली पाच वर्षे शिक्षणाची. आधी अभ्यास करा, देश पाहा, मग बोला. शाळामास्तर असलेले ना. म. जोशी याच संस्थेत आले. त्यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभारली आणि १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत पुढाकार घेतला. भाकरीची सोय, शिक्षण आणि जबाबदारीचे काम या तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या की माणूस टिकतो, हा त्यातला धडा. नुसत्या प्रेरणेवर कोणी आयुष्य काढत नाही.

खालचे वर्ग बंद झाले

मग ही शाळा ओस का पडली? माझ्या मते, आपण तिचे खालचे वर्ग एकेक करून बंद केले.

पहिला वर्ग महाविद्यालयातला. आमच्या विद्यार्थिदशेत वर्गप्रतिनिधी, सचिव अशा निवडणुका होत. त्यांत मारामाऱ्या होऊ लागल्या, बाहेरचा पैसा आणि गुंड शिरले, हे खरे आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने त्या निवडणुका बंद करून गुणवत्तेनुसार नेमणुका सुरू केल्या. २००६ मध्ये लिंगडोह समितीने निवडणुका घेण्याची सुरक्षित पद्धत घालून दिली. उमेदवाराचा खर्च पाच हजार रुपयांपेक्षा जास्त नको, हजेरी ७५ टक्के हवी, अशा साध्या अटी तिने सांगितल्या. राज्याच्या २०१६ च्या कायद्यानेही निवडणुकांचा दरवाजा पुन्हा उघडला. पण त्या दरवाजातून आत जाण्याचे धैर्य आपण अजून नीट दाखवलेले नाही. अठराव्या वर्षी खासदार निवडायचा, एकविसाव्या वर्षी स्वतः नगरसेवकपदासाठी उभे राहायचे, हे दोन्ही अधिकार कायद्याने दिले आहेत. वर्गाचा प्रतिनिधी मात्र निवडता येत नाही.

दुसरा वर्ग प्रभागातला. ७४वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली. तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या सक्तीच्या झाल्या. या समित्यांवर स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी घेण्याचीही तरतूद आपल्या कायद्यात आहे. पुढे २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद झाली. खेड्यात जशी ग्रामसभा तशी शहरात मतदारांची सभा, अशी ती कल्पना होती. आता हा कार्यक्रम ऐकणाऱ्यांपैकी किती जण आपल्या भागाच्या क्षेत्रसभेला गेले आहेत? ती कधी भरली हे तरी किती जणांना ठाऊक आहे? ग्रामसभेत गावचा तरुण उभा राहून सरपंचाला प्रश्न विचारू शकतो. शहरातल्या तरुणाला प्रश्न विचारायला एकच जागा उरली आहे, ती म्हणजे मोबाइल. तिथे तो चिडतो, चार जणांना चिडवतो आणि झोपी जातो.

तिसरा वर्ग प्रत्यक्ष निवडणुकीचा. मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर या महापालिकांच्या निवडणुका फेब्रुवारी २०१७ मध्ये झाल्या. २०२२ मध्ये मुदत संपली आणि प्रशासक आले. नंतरच्या निवडणुका झाल्या त्या थेट जानेवारी २०२६ मध्ये. कोल्हापूरसारख्या ठिकाणी तर २०१५ नंतर एकदम आत्ताच मतदान झाले. याचा हिशेब करून पाहा. २०१७ मध्ये ज्याला अठरा वर्षे पुरी व्हायला काही महिने कमी होते, त्याने आपल्या नगरसेवकासाठी पहिले मत दिले ते वयाच्या सव्विसाव्या वर्षी. २०२२ मध्ये तयारी करून बसलेली चोवीस वर्षांची मुलगी निवडणूक आली तेव्हा अठ्ठावीस वर्षांची झाली. दरम्यान लग्न झाले असेल, नोकरी लागली असेल, गाव सुटले असेल. प्रशासक चांगले होते की वाईट, हा माझा प्रश्न नाही. त्या चार वर्षांत शाळेची एक अख्खी तुकडी परीक्षेलाच बसली नाही, हे नुकसान मला मोठे वाटते.

त्यात प्रभागांचा आकार. मुंबई वगळता मोठ्या शहरांत २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा. यंदाही बहुतेक ठिकाणी चौघांचाच होता. पुण्यासारख्या शहरात अशा एका प्रभागात पन्नास हजारांहून अधिक मतदार असतात. आपल्या चार गल्ल्यांत नाव कमावलेल्या, पण खिशात पैसा नसलेल्या मुलाने एवढ्या लोकांपर्यंत पोहोचायचे कसे? तो पक्षाच्या दारात जातो आणि तिथे घराणे किंवा पैसा आधीच रांगेत उभा असतो. आरक्षणाने सभागृहात जी माणसे आणली ती एरवी कधीच आली नसती, २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या झाल्या, हे मोठेच काम झाले. पण दर खेपेला सोडत आणि दर खेपेला नव्या सीमा, यामुळे पाच वर्षे एका भागात राबलेल्या कार्यकर्त्याला, मग तो कोणत्याही समाजाचा असो, आपण पेरलेले शेत पुढच्या खेपेला आपले असेल याची खात्री नसते.

एका वहीची हकिकत

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात शहराच्या पूर्व भागातली एक मुलगी होती. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. त्या वर्षी आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी येत असे आणि कधी येईल याचा नेम नसे. पाणी येणार म्हणून आईला घरीच थांबावे लागे. कारखान्यात विड्या द्यायला उशीर झाला की त्या दिवसाची मजुरी अडकायची. प्रकल्पासाठी विषय द्या म्हणून ती माझ्याकडे आली, तेव्हा मी म्हटले, तुझ्या गल्लीतल्या पाण्याचाच विषय घे.

तिने शंभर पानी वही केली. अकरा गल्ल्या, तीन महिने. कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळ पाणी आले. मैत्रिणी नेमल्या, गल्ल्या वाटून घेतल्या. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याशी बोलून कोणती चावी कोणत्या गल्लीची हे लिहून घेतले. तीन महिन्यांनी वहीतून दिसले की, दोन गल्ल्यांना नेहमी निम्माच वेळ पाणी मिळते आणि त्या दोन्ही एकाच चावीवर आहेत. वही घेऊन ती विभागीय कार्यालयात गेली. पहिल्या दोन वेळा कोणी भेटले नाही. तिसऱ्या वेळी एका कनिष्ठ अभियंत्याने वही वाचली. वाचून तो म्हणाला, "ही नोंद आमच्याकडेसुद्धा नाही." पंधरा दिवसांत वेळा बदलल्या आणि वेळापत्रक गल्लीच्या तोंडाशी लागले.

त्यानंतर आठवडाभर त्या घरात बायकांची रीघ लागली. कोणाचे रेशनकार्ड, कोणाचा जन्मदाखला, कोणाची गटाराची तक्रार. एकवीस वर्षांची ती मुलगी त्या भागाची पुढारी झाली होती आणि तिला स्वतःलाच ते उमगले नव्हते. पण पुढे काय? प्रभाग समितीत तिला जागा नव्हती, क्षेत्रसभा भरतच नव्हती. एका पक्षाने विचारले, तेही मेळाव्याला बायका जमवशील का म्हणून. घरात पैशाची गरज होती. पदवी झाल्यावर ती पुण्याला एका कंपनीत लागली. आता पाच-सहा वर्षे झाली. ती बरी आहे, घरी पैसे पाठवते. ती गेली यात चूक काहीच नाही. आपल्या शहराने मात्र तिला थांबण्यासारखे काही देऊ केले नाही.

काय करता येईल?

नोकऱ्यांसाठी मुले जाणारच, हे आधी मान्य करू. सोलापूर, नांदेड, अमरावती ही शहरे पुण्याच्या पगाराशी स्पर्धा करू शकणार नाहीत. पण सगळीच जात नाहीत. औषधाचे दुकान चालवणारा, वकिली करणारा, शाळेत शिकवणारी, वडिलांचा कारखाना सांभाळणारा, अशी कितीतरी मुले मागे राहतात. नेतृत्व यांच्यातूनच यायचे आहे. त्यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. कायद्यात आहे तेवढे वापरले तरी पुष्कळ होईल.

पहिली गोष्ट, क्षेत्रसभा भरवा. तीन महिन्यांतून एकदा, शाळेच्या मैदानावर. तिचे इतिवृत्त लिहिण्याचे आणि मागच्या सभेतली कामे झाली की नाही हे वाचून दाखवण्याचे काम पंचविशीच्या आतल्या दोघांकडे द्या, त्यांत एक मुलगी असावी. जो इतिवृत्त लिहितो त्याला वर्षभरात कारभार कळतो.

दुसरी, थोडा पैसा त्यांच्या निर्णयावर सोडा. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्याची प्रथा सुरू केली. पदपथ, दिवे, बाक अशी छोटी कामे लोक अर्ज भरून सुचवतात. यातला काही हिस्सा प्रभागातल्या तरुणांनी एकत्र बसून ठरवावा. दिवा कोणत्या कोपऱ्यावर लावायचा आणि कोणत्या नाही, हे ठरवताना नाही म्हणायला शिकावे लागते. नेत्याला ते आलेच पाहिजे.

तिसरी, राष्ट्रीय सेवा योजनेचा उपयोग. १९६९ पासून चालत आलेल्या या योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते. आपण बहुधा सात दिवसांचे शिबिर एखाद्या खेड्यात नेतो, रस्ता झाडतो, फोटो काढतो आणि परत येतो. खेड्यात जरूर जावे. पण त्यातले शंभर तास तरी आपल्याच प्रभागाला द्या. पाण्याची वही, कचरागाडीची वही, बंद दिव्यांची वही. महाविद्यालयाने त्या वह्या दरवर्षी महापालिकेकडे पोचत्या कराव्यात आणि महापालिकेने लेखी उत्तर द्यावे. उत्तर येते हे कळले की मुले पुन्हा लिहितात.

चौथी, स्वीकृत सदस्यांची. विशेष ज्ञान आणि अनुभव असलेली माणसे सभागृहात यावीत म्हणून ही तरतूद आहे. तिचा उपयोग बहुतेक वेळा नाराजांची समजूत काढण्यासाठी होतो. प्रत्येक पक्षाने आपल्या वाट्याची निदान एक जागा प्रभागात काम करून दाखवलेल्या तिशीच्या आतल्या कार्यकर्त्याला द्यावी. कायदा बदलावा लागणार नाही.

केरळमध्ये तिरुवनंतपुरमने डिसेंबर २०२० मध्ये आर्या राजेंद्रन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीला महापौर केले. देशभर कौतुक झाले. पाच वर्षांच्या कारभारावर तिथे टीकाही झाली आणि २०२५ च्या निवडणुकीत तिथली सत्ता बदलली. लोकशाहीत हे चालायचेच. पण ती मुलगी अचानक आकाशातून पडली नव्हती. मुलांच्या आणि विद्यार्थ्यांच्या संघटनांत ती लहानपणापासून पदे सांभाळत आली होती. वय एकवीस असले तरी अनुभव काही वर्षांचा होता. आपल्याला तरुण महापौर हवा असेल तर आधी पंधरा वर्षांचा सचिव घडवावा लागेल.

शेवटची गोष्ट आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांची. गृहनिर्माण संस्था, वाचनालय, नाट्य परिषदेची शाखा, पतसंस्था, व्यायामशाळा, या सगळ्या संस्था शहराच्या छोट्या नगरपालिकाच आहेत. त्यांत वीस-वीस वर्षे तोच अध्यक्ष आणि तोच चिटणीस असतो. तरुण येत नाहीत असे आपण म्हणतो, पण खुर्ची रिकामी कुठे असते? आणि तरुणाला घेतले तरी सतरंज्या उचलायला घेतो, चेकवर सही करायला घेत नाही. सहीचा अधिकार दिल्याशिवाय जबाबदारी अंगी येत नाही. तो चुकेल, थोडे नुकसान होईल, सभासद रागावतील. ती त्याच्या शिक्षणाची फी समजावी.

राज्यातल्या २९ महापालिकांत आता लोकांनी निवडलेली सभागृहे आली आहेत. पुढच्या महिन्यात तुमच्या संस्थेची सभा असेल, तेव्हा विषयपत्रिकेवर एक विषय वाढवून घ्या. एक पद तिशीच्या आतल्या सभासदासाठी, पूर्ण अधिकारासह. आणि तुमच्या नगरसेवकाला एक पोस्टकार्ड टाका, आमची क्षेत्रसभा कधी, एवढाच प्रश्न विचारून. उत्तर आले नाही तर दुसरे टाका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)